कायदाच खोटं धरून चालतो, मग न्याय कशाचा? (आत्याचा हिस्सा, मारुतीचा सातबारा वगैरे)

केळीबाग_रावेर:

नमस्कार मंडळी. जळगावला एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव रावेर तालुक्यात, घरी केळी. प्रश्न लांबडा आहे, सांभाळून घ्या.

आमची बारा एकर जमीन कुळाची, म्हणजे आजोबा दुसऱ्याची जमीन खंडाने कसायचे. १ एप्रिल १९५७ ला आजोबा तिचे खरेदीदार झाले असं कागद म्हणतो. घरात सगळ्यांना माहितीय की त्या दिवशी आजोबांनी काहीच खरेदी केलं नव्हतं, खरेदीखत नाही, साक्षीदार नाही, खिशात दमडी नाही आणि जमीनमालक तर तोंड बघायला तयार नव्हता. पैसे नंतर हप्त्याने गेले. तरी खरेदी त्याच दिवशी झाली म्हणे. बरं झाली.

आजोबा १९९८ ला वारले, नंतर आजीपण गेली. मागे माझे वडील, काका आणि आत्या. वाटणी आजपर्यंत झालेली नाही, सातबारा सामाईक. आता आत्याने हिस्सा मागितला तर काका म्हणतात आजोबा वारले त्याच्या आदल्या क्षणाला वाटणी झाली असं कायदा धरतो म्हणून आत्याला फक्त दोन एकर, आणि तसं कोणाकडून तरी लिहूनपण आणलंय. म्हणजे जी वाटणी कधी झालीच नाही ती झाली असं धरायचं!

आणि तिसरं म्हणजे गावच्या मारुतीच्या नावावर साडेतीन एकर आहे. भोगवटादार कोण तर मारुती. माझा चुलतभाऊ म्हणतो "देव सही कशी करस रे भो?"

वर्गात सर म्हणाले याला लीगल फिक्शन म्हणतात, आणि पुढच्या टॉपिकवर गेले. साक्षीदार कोर्टात खोटं बोलला तर त्याला शिक्षा आणि कायदा स्वतः उघड उघड खोटं धरतो तर ते शास्त्र? यात काही अर्थ आहे की नुसती वकिलांची सोय? आणि जमलं तर आत्याचं पण सांगा कोणी, घरात बोलणं बंद झालंय.

जुनंदप्तर_चोपडा:

बाळा मी तलाठी म्हणून रिटायर झालो, १९५७ नंतर बऱ्याच वर्षांनी नोकरीला लागलो पण आयुष्यभर दप्तर त्याच तारखेचं चाळलं, म्हणून त्या तारखेपुरतं सांगतो.

कुळकायदा १९४८ चा, कलम ३२ नंतर दुरुस्तीने आलं. समज कायद्याने एवढंच म्हटलं असतं की मालकाने कुळाला जमीन विकावी. मग काय झालं असतं? मालक रजिस्टर ऑफिसला आलाच नसता. मग कुळाने दावा लावायचा, तारखा घ्यायच्या, तोवर मालक त्याला बांधाबाहेर काढणार, अन एका तालुक्यात अशी हजारो कुळं. म्हणून कायद्याने मालकाची सहीच वगळून टाकली. अमुक तारखेला जो कूळ म्हणून कसतोय त्याने जमीन विकत घेतली असं समजण्यात येईल, विषय संपला. मालकी आधी, पैशाचं मागून. ३२ ग खाली किंमत ठरायची, साध्या कुळाला आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत, अन सगळे पैसे भरले की ३२ म चं सर्टिफिकेट. कुळ म्हणालं मला नको किंवा पैसे थकवले तर खरेदी रद्द. मालक लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, कायदा टिकला.

तर तुझ्या आजाने खरेदी केली नव्हती हे खरंच आहे. केली असती तर कायद्याची गरजच काय होती.

आता वाईट बाजू पण ऐक. त्या तारखेच्या आधीच कित्येकांनी कुळांकडून राजीनामे लिहून घेतले होते, राजीखुशीने जमीन सोडली म्हणून. कसत तोच होता पण पीकपाहणीला, म्हणजे शेत कोण कसतो त्या नोंदीत, नाव नाही. त्याला १ एप्रिलने काही दिलं नाही. अन तुझ्या मारुतीच्या साडेतीन एकरांचं बघ, तिथंही कोणी कूळ असेलच. धार्मिक ट्रस्टच्या जमिनीला कलम ८८ ब ची सूट आहे, तिथलं कूळ मालक होत नाही. त्या कुळाचा आजा अन तुझा आजा एकाच गावात एकाच वर्षी नांगर धरत होते, एक मालक झाला अन दुसऱ्याचा नातू अजून खंड भरतो. चुलतभावाला म्हणावं देवाच्या सहीचं सोड, हे जाऊन विचार.

ॲडव्होकेट_देवपूर:

आबांनी कुळाचं छान सांगितलं. मी आत्याचं घेतो कारण सगळा प्रश्न तिथेच उलगडतो असं मला वाटतं.

काकांचं गणित आधी मांडू. १९९८ ला आजोबा, आजी, दोन मुलगे अशा चार वाटण्या झाल्या असं समजायचं, प्रत्येकी तीन एकर. आजोबांचे तीन एकर आजी, दोन मुलगे आणि आत्या अशा चौघांत, म्हणजे आत्याला पाऊण एकर. आजीकडे झाले पावणेचार, ती गेल्यावर ते तीन मुलांत सव्वा सव्वा. पाऊण आणि सव्वा, दोन एकर. गणित चुकलेलं नाही, ज्याने लिहून दिलं त्याने जुना कायदा नीट वाचलाय.

ही मानीव वाटणी हिंदू वारसा कायदा १९५६ च्या जुन्या कलम ६ मध्ये होती. मयताचा हिस्सा नक्की किती हे कळल्याशिवाय तो वारसांना देणार कसा, म्हणून मरणाच्या लगेच आधी वाटणी झाली असती तर त्याच्या वाट्याला काय आलं असतं ते काढा, एवढंच काम. आता यावरचे दोन निकाल शेजारी ठेवून वाच, मजा आहे. पहिला गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई, १९७८. खंडाप्पा वारले, मागे बायको हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. मुलाचं म्हणणं की आईला वडिलांच्या चौथ्या हिश्श्यातला सहावा भाग, म्हणजे एक चोविसांश. सुप्रीम कोर्ट म्हणालं असं नाही, वाटणी झाली असं एकदा धरलं ना मग पूर्ण धरा, वाटणीत बायकोलापण हिस्सा पडतो, तोही तिला द्या. एक चतुर्थांश अधिक एक चोविसांश, सात चोविसांश झाले. म्हणजे कल्पना केली तर अर्ध्यात लाजून थांबायचं नाही.

दुसरा विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, ११ ऑगस्ट २०२०. २००५ च्या दुरुस्तीने मुलीलापण मुलासारखा जन्मतः हिस्सा मिळाला. इथं भाऊ लोकांचं म्हणणं तुझ्या काकांसारखंच होतं, वडील २००५ च्या आधी वारले तेव्हाच वाटणी झाली असं धरलंय, आता मुलगी सहहिस्सेदार कशात होणार. आणि इथं तेच कोर्ट म्हणतं थांबा, ती वाटणी फक्त मयताचा हिस्सा मोजायला होती, खरी वाटणी झाली नाही, कुटुंब एकत्रच राहिलं. मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असोत नसोत.

एकच कल्पना, एकदा शेवटपर्यंत ताणली आणि एकदा वेशीवर थांबवली. तुला हे विरोधाभासी वाटेल, मला नाही वाटत. दोन्ही वेळा कोर्टाने विचारलं की ही कल्पना कायद्यात कशासाठी घातली होती. आपल्याकडे खानदेशात कानबाईच्या सणाला देवी म्हणून नारळ बसवतो, सजवतो, रोट करतो, त्या दिवशी ती आईच असते, कोणी म्हणत नाही की हे तर नारळ आहे. आणि सोमवारी विसर्जन झालं की त्या आईच्या नावाने कोणी सातबारा मागत नाही. कल्पनेला तिचा दिवस असतो.

तर आत्याला दोन नाही, चार एकर. २० डिसेंबर २००४ च्या आधीचं रजिस्टर वाटणीपत्र किंवा कोर्टाचं फर्मान असेल तर गोष्ट वेगळी, पण तू म्हणतोस वाटणी झालेलीच नाही.

भुसावळची_वर्षा:

दादा कानबाईचं उदाहरण राहू द्या, काही घरांत तोच नारळ पुढच्या वर्षापर्यंत देव्हाऱ्यात असतो. आणि तुमच्या या कल्पनांचंपण तसंच आहे, विसर्जन होतच नाही त्यांचं.

माझ्या सासूबाईंची ठेव एका पतसंस्थेत अडकलीय. नाव घेत नाही. चेअरमनच्या बंगल्यावर गेलो तर तो म्हणतो ताई पैसे संस्थेने घेतले मी नाही घेतले. संस्था म्हणजे कोण हो? तिला चेहरा नाही, घर नाही, तिला लाज नाही. पैसे घेताना हाच माणूस खुर्चीवर बसून चहा पाजत होता. आता म्हणे कायद्याने संस्था वेगळी व्यक्ती. ज्याने कोणी हे शोधून काढलं त्याने आमच्यासारख्यांचा विचार केला होता का? देवाचं एक वेळ पटतं, देव ठेवी घेऊन पळत नाही.

ॲडव्होकेट_देवपूर:

ताई राग बरोबर आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, १८९७ चा इंग्लंडचा निकाल आहे. सॉलोमन नावाचा बूट बनवणारा, त्याने स्वतःचा धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला, २०,००७ शेअर्सपैकी २०,००१ त्याचे, बाकी सहा बायको आणि पोरांचे एकेक. कंपनी बुडाली, ज्यांचे पैसे कंपनीत अडकले ते म्हणाले कंपनी म्हणजे हाच. हाऊस ऑफ लॉर्ड्स म्हणालं नाही, कंपनी वेगळी माणूस वेगळा. त्यावर आज सगळा व्यापार उभा आहे, हे नसतं तर कोणी दुसऱ्याच्या कारखान्यात दहा हजार रुपये सुद्धा टाकले नसते, कारण कारखाना बुडाला की घरावर जप्ती.

पण तुमच्या चेअरमनला सांगा की हा पडदा कायमचा नाही. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. त्याच्यात संस्थेच्या मालमत्तेवर भागलं नाही तर संचालकांच्या स्वतःच्या मालमत्तेवर पण टाच आणता येते. आणि सहकार कायद्यात कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित होते. वेळ लागतो, खोटं कशाला बोलू, पण "मी नाही, संस्था" हे शेवटचं उत्तर नाही. एकट्याने नाही, ठेवीदार मिळून जा.

अमळनेरकर:

चर्चा छान चाललीय म्हणून थोडी भर. तत्त्वज्ञान मंदिराच्या गावचा असल्याने जरा फाटे फोडणार, माफी असावी.

मूळ प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. सात वर्षं माणसाची खबर नाही तर तो मेला असं धरतात, रजिस्टर पोस्ट "घेण्यास नकार" शेरा मारून परत आलं तर मिळालं असं धरतात. हे अंदाज आहेत. खरे असू शकतात, आणि माणूस आठव्या वर्षी एसटीतून उतरला तर अंदाज मोडतो. १९५७ ची खरेदी तशी नाही. ती झाली नव्हती याचे शंभर पुरावे आणले तरी उपयोग नाही, कारण झाली नव्हती हे कायद्याला आधीच मान्य आहे. म्हणून साक्षीदाराच्या खोट्याशी तुलना बसत नाही. साक्षीदाराला वाटतं की समोरच्याने फसावं. इथे फसतंय कोण? सगळ्यांना माहितीय.

आता बेंथॅम नावाचा इंग्रज होता त्याला हे अजिबात पटायचं नाही, तो चिडून म्हणायचा की व्यापारात जशी लबाडी तशी कायद्यात ही फिक्शनं. त्याचं दुखणं समजण्यासारखं होतं. तिकडे जमिनीचा मालक कोण हे ठरवायला जॉन डो आणि रिचर्ड रो नावाची माणसं कागदावर जन्माला घालायचे, डो भाडेकरू, त्याला रोने हाकललं, असा बनाव करून दावा चालायचा, थेट १८५२ पर्यंत. न्यायाधीशांनी कायदा बदलायचा आणि म्हणायचं आम्ही काही बदललंच नाही, याचा त्याला राग. कायदा बदलायचा तर विधिमंडळाने उजेडात बदलावा, हे म्हणणं मला आजही पटतं.

पण त्याच पद्धतीतला एक किस्सा मला फार आवडतो. मिनॉर्का हे भूमध्य समुद्रातलं बेट, तिथला ब्रिटिश गव्हर्नर मॉस्टिन याने फाब्रिगास नावाच्या रहिवाशाला कैदेत टाकून हद्दपार केलं. तो माणूस लंडनला आला आणि गव्हर्नरवरच दावा लावला. अडचण ही की लंडनच्या कोर्टात लंडनमध्ये घडलेलं पाहिजे. मग दाव्यात लिहिलं की मिनॉर्का हे लंडन शहरात, चीप वॉर्डात आहे. समुद्रातलं बेट लंडनच्या एका गल्लीत! आणि कोर्टाने चालवून घेतलं, १७७४, गव्हर्नरला तीन हजार पौंड भरावे लागले. आता हे खोटं नसतं तर त्या माणसाला कुठलंच दार नव्हतं.

हेन्री मेन, जो नंतर इथे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता, त्याचं म्हणणं होतं की समाज पुढे जातो, कायदा मागे राहतो, आणि जुन्या काळी ते अंतर कापायचं पहिलं साधन हेच. दत्तकाचं उदाहरण तोच देतो. आपल्याकडे बघा ना, दत्तक मुलगा दत्तक तारखेपासून त्या घरचाच, जुनं घर सुटलं, हे १९५६ च्या दत्तक कायद्यात आहे, तरी लग्नापुरतं जुनं नातं शाबूत, जन्मघरी जिच्याशी लग्न चाललं नसतं तिच्याशी आताही चालत नाही. कायद्याला पक्कं ठाऊक आहे की रक्त बदललेलं नाही.

शहादेकर:

वरचं सगळं वाचलं. वकील साहेबांच्या कल्पना शेवटी बाईकडे झुकतात, कुळाकडे झुकतात, छान वाटतं वाचायला. सातपुड्यात या मग.

एक कल्पना अशी आहे की गॅझेटात छापलं म्हणजे सगळ्यांना कळलं. सरदार सरोवरात आपल्या नंदुरबारकडची ३३ गावं गेली. जुना १८९४ चा भूसंपादन कायदा म्हणायचा की गॅझेटात द्या, दोन पेपरात द्या, गावात सोयीच्या जागी लावा. झालं, कळलं. अक्कलकुवा धडगावच्या आत नर्मदाकाठी ज्या पाड्याला रस्ताच नव्हता तिथं पावरी भिलोरी बोलणाऱ्या माणसाने कुठलं गॅझेट वाचायचं होतं? हे अमळनेरकर म्हणतात फसतंय कोण, सगळ्यांना माहितीय. नाही साहेब, सगळ्यांना माहिती नव्हतं, आणि ज्याला माहिती नव्हतं त्याचंच गेलं.

आणि जंगलाचं पण तेच. कागद नाही म्हणजे माणूस नाही, जमीन सरकारची. शंभरावर वर्षं हेच धरून चालले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच लिहावं लागलं की ऐतिहासिक अन्याय झाला. ते लिहिणारं पण सरकारच.

अमळनेरकर:

शहादेकर, मान्य. फसत कोणी नाही हे फक्त तिथंच लागू जिथं दोन्ही बाजूंना कागद वाचता येतो. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

तापीमाय:

मग तापीला पण व्यक्ती करून टाका ना, दावा लावेल ती सगळ्या नाल्यांवर 😀

ॲडव्होकेट_देवपूर:

हसण्यावारी नेऊ नका, उत्तराखंड हायकोर्टाने मार्च २०१७ मध्ये गंगा यमुनेला तसं केलं होतं. सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं, की पूर आला तर नुकसानभरपाई कोणाकडून मागणार, नदीकडून? जुलैत स्थगिती मिळाली. व्यक्ती केलं की हक्काबरोबर अंगावर देणं पण येतं. देवाचंपण तसंच आहे, देवाला इन्कम टॅक्स लागू शकतो असा १९६९ चा निकाल आहे, तुमच्या त्या चुलतभावाला सांगा. सही पुजारी किंवा ट्रस्टी करतो, आणि त्यानेच देवाचं खाल्लं तर साधा भक्तपण देवाच्या वतीने दावा लावू शकतो, १९६७ पासून हे पक्कं आहे. २०२१ ला मध्य प्रदेशच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तर सांगितलं की मालकाच्या रकान्यात फक्त देव, पुजाऱ्याचं नाव नको. जमिनी कशा गायब होतात हे कोर्टाला कळतं, भो.

केळीबाग_रावेर:

सगळ्यांचे आभार, सरांनी वर्षभरात सांगितलं नसतं एवढं मिळालं. शहादेकर भाऊ तुमचं वाचून गप्प झालो.

घरची अपडेट. काल काकांना विनीता शर्माचं सांगितलं, गणित मांडून दाखवलं. काका अर्धा तास काही बोलले नाहीत. रात्री म्हणतात जमीन वडिलोपार्जित नाहीच मुळी, १ एप्रिल १९५७ ला तुझ्या आजोबांनी स्वतः विकत घेतली, कागदावर लिहिलंय ना, त्यांची स्वतःची कमाई, आणि स्वतःच्या कमाईचं मृत्युपत्र करता येतं. आणि मृत्युपत्र आहे म्हणे. आजपर्यंत कोणी पाहिलेलं नाही.

ॲडव्होकेट_देवपूर:

वा. परवापर्यंत काकांना मानीव वाटणी पाहिजे होती, म्हणजे जमीन एकत्र कुटुंबाची. आज मानीव खरेदी पाहिजे, म्हणजे आजोबांची एकट्याची. दोन्ही एकदम मिळणार नाहीत.

स्वतःची असेल आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याच्या कलम ८ ने आजी आणि तीन मुलं अशा चौघांत तीन तीन एकर, आजीचे तीन तिघांत, आत्याला परत चारच. खरा फरक मृत्युपत्रानेच पडतो, आणि ते खरं आहे हे काकांनी सिद्ध करायचं, सह्यांचा किमान एक साक्षीदार हयात असेल तर त्याला कोर्टात आणून. शिवाय कूळ आजोबा एकटे होते की त्यांच्या वडिलांपासून कूळपण घरात होतं, हे बघावं लागेल. पंजोबा कसत होते आणि आजोबांनी कुटुंबाचा कर्ता म्हणून नाव लावलं असेल तर ती खरेदीपण कुटुंबाचीच, मग मृत्युपत्र चाललं तरी त्यांच्या हिश्श्यापुरतंच. आबा, हे कुठल्या कागदावर दिसेल?

जुनंदप्तर_चोपडा:

नमुना सहा, फेरफार. १९५७ च्या पुढच्या चारपाच वर्षांत ३२ ग चा फेर असेल त्याचा नंबर सातबारावर गोल करून लिहिलेला असतो. त्याच्या मागे त्याच गटाची, म्हणजे तेव्हाच्या सर्व्हे नंबरची, १९४८ पासूनची पीकपाहणी माग, कूळ म्हणून कोणाचं नाव आहे ते बघ. तुमच्या तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळेल. अर्ज आत्याच्या नावाने कर, तुझ्या नको.